बिनतारी शिवार : भाग ७ – मोडेमची भूक, पेटीची वही

गेल्या आठवड्यात आपण द्राक्षबागेतल्या सेन्सरचे संदेश बांधावरच्या पेटीपर्यंत आणून सोडले होते. ही पेटी म्हणजे गेटवे. एका अंगाला सेन्सरचे संदेश ऐकणारा लोराचा रेडिओ, दुसऱ्या अंगाला सिमकार्डाचा मोडेम आणि मधे दोघांची सांगड घालणारा छोटा प्रोसेसर. आजचा भाग या मधल्या जागेबद्दल आहे. निफाड-दिंडोरीकडे बंद पडलेल्या ज्या पेट्या मी उघडून पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच इथेच अडल्या होत्या.

प्रत्येक सेन्सरमध्येच सिम का घालू नये, असे शेतकरी हमखास विचारतात. अडचण विजेची आहे. झोपलेला सेन्सर काही मायक्रोअँपिअरवर तग धरतो. दर पंधरा मिनिटांनी उठतो, बहुतेकदा सेकंदाच्या आत बोलून मोकळा होतो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळे छोट्या बॅटरीवरही तो हंगाम काढतो. मोडेमला मात्र आधी टॉवर शोधावा लागतो, ओळख पटवावी लागते, डेटाची वाट उघडावी लागते. चार आकडे पाठवायलाही त्याला हा सगळा सोपस्कार करावाच लागतो. म्हणून सेन्सर दहा असले तरी मोडेम एकच, आणि तो सोलर पॅनल व मोठ्या बॅटरीजवळ.

या मोडेमची भूकही विचित्र आहे. २जी मोडेम सलग बोलत नाही. ४.६ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत त्याच्या वाट्याला जेमतेम ०.५८ मिलिसेकंद येतात आणि तेवढ्या क्षणात तो २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. तारा बारीक आणि लांब असतील, तर त्या झटक्याने व्होल्टेज खाली बसते आणि मोडेम रीसेट होतो. पुन्हा सुरू होतो, टॉवर शोधायला लागतो, पुन्हा बसतो. रेंज कमी असेल तर तो जास्तीत जास्त ताकदीने बोलतो, म्हणजे झटकाही मोठा. मग सगळे म्हणतात, ‘इथे रेंजच नाही.’ रेंज असते. कमी पडते ती तार! जाड आणि आखूड तारा आणि मोडेमला अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर कितीतरी पेट्या पुन्हा बोलू लागतात. ४जी मोडेमचे झटके सौम्य असतात. शिवाय जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्या सिमसाठी ४जी मोडेम घ्यावाच लागतो.

आता संदेशाकडे वळू. सेन्सरने शब्द पाठवायचे नसतात. २३.४ अंश तापमान म्हणजे २३४ हा आकडा, दोन बाइटमध्ये मावणारा. सेन्सरचा क्रमांक, संदेशाचा क्रमांक, तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा, मातीचा ओलावा, बॅटरी असे सगळे मिळून १२ बाइट होतात. कोणता आकडा कशाचा, ते नाव-गाव पेटीने किंवा सर्व्हरने जोडावे.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा भाग लिहायला बसलो, ती वेगळीच आहे. माझ्या आतेभावाच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर एका रात्री पाऊस आला. विजा झाल्या, लाइट गेली, काही वेळाने टॉवरची बॅटरीही संपली असावी. पेटी रात्रभर सेन्सरचे संदेश घेत होती, मोडेमकडे देत होती आणि पाठवता आले नाहीत की विसरून जात होती. सकाळी मोबाइलवर आलेख पाहिला, तर रात्री अकराला पान कोरडे आणि पहाटे पाचला ओले. मधे ॲपने ओढलेली एक सरळ रेघ. डाऊनी या रोगाचा हिशेब पान किती तास ओले राहिले यावर असतो. पान बाराला भिजले की चारला, हे सांगणारे मोजमाप झाले होते आणि हरवलेही होते. भावाने फवारणी केली. गरज होती की नाही, हे आजही सांगता येत नाही.

बागेला माहिती सर्वांत जास्त लागते ती पावसाच्या रात्री, आणि नेटवर्क जाते तेही त्याच रात्री. म्हणून पेटीचा वेग मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तिच्याकडे वही हवी. संदेश आला की आधी वेळ घालून नोंदवायचा, मगच पाठवायचा. आणि सर्व्हरकडून पोच येईपर्यंत पुसायचा नाही. ही वेळ मोजमापाची हवी, सर्व्हरवर पोहोचल्याची नव्हे. मोडेमला टॉवरकडून वेळ मिळू शकते, पण टॉवरच गेला तर काय? त्यासाठी बटन सेलवर चालणारे छोटे घड्याळ पेटीत असावे लागते.

वही किती मोठी लागते? १२ बाइटला वेळेचे ४ जोडले की १६. दहा सेन्सर, दिवसाला प्रत्येकी ९६ नोंदी, म्हणजे दिवसाचे १५,३६० बाइट. ४ मेगाबाइटची मेमरी चिप त्या हिशेबाने जवळपास नऊ महिने पुरते! एवढी छोटी चिप वाचवण्यासाठी कोणी हंगाम पणाला लावू नये, असे मला फार कळकळीने वाटते.

पोच घेण्याची रीत एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीत आयतीच आहे. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर यांनी ती उपग्रहावरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी रचली. महाग आणि तुटक जोडणी हेच तिचे जन्मस्थान. पोच वाटेत हरवली तर तोच संदेश दोनदा जातो, तेव्हा दुसरी प्रत ओळखायला संदेशाचा क्रमांक कामी येतो. जोडणी परत आली की मी ताजी नोंद आधी पाठवतो, कारण रोगाचा इशारा तिच्यावर अवलंबून असतो. मागची थकबाकी त्यानंतर, सावकाश.

नवी पेटी घेताना भावाने छाटणीच्या आधीच, कोरड्या दिवशी, तिचे सिम काढून ठेवले आणि तीन तासांनी परत घातले. मोबाइलवर आधी त्या क्षणाचा ठिपका आला. मग दुपारी दोन वाजताचा, सव्वादोनचा, अडीचचा. संध्याकाळपर्यंत रेघेच्या जागी सगळे ठिपके भरलेले होते.