तार गेली, कलम उरले

शेतातून उच्चदाब वीजवाहिनी जाते तेव्हा शेतकरी विचारतो, ‘माझी परवानगी कुणी घेतली?’ या प्रश्नाचा माग काढत मी १८८५ च्या भारतीय तार कायद्यापर्यंत पोहोचलो.

वीज कायदा, २००३ नुसार पारेषणाचा परवाना नियामक आयोग देतो. वाहिनी उभारायला कलम ६८ प्रमाणे शासनाची पूर्वमंजुरी लागते. जमिनीची वाट मात्र कलम १६४ मोकळी करते. त्याखाली शासन पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार बहाल करू शकते. मग जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच सांगितले. मालक आडवा आला तर जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात. भरपाई कमी वाटली तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे.

तार कायद्याचे कलम १० म्हणते, जमिनीवर फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकीचा नाही. म्हणून भूसंपादन होत नाही, सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. तारेच्या खांबापुरते हे ठीक होते. पण ४०० केव्ही वाहिनीचा पट्टा सर्वसाधारणपणे ४६ मीटर रुंद धरतात. ती शेतातून २०० मीटर गेली, तर सुमारे ९१ गुंठे, म्हणजे सव्वादोन एकरांहून अधिक जमीन तारांखाली येते. तिथे घर बांधता येत नाही, उंच झाड वाढवता येत नाही.

केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या पायासाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई सुचवली. २०२४ मध्ये हे आकडे २०० आणि ३० टक्के झाले. वरच्या उदाहरणात पट्ट्याची भरपाई चौदा गुंठ्यांच्या किमतीवरून सत्तावीस गुंठ्यांवर गेली. या सूचना लागू करणे मात्र राज्यांच्या हाती आहे.

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तार कायदाही रद्द केला. पण वीजवाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग मुद्दाम जिवंत ठेवला.

वाहिन्या हव्यातच आणि एका मालकाच्या नकारावर त्या अडू नयेत, हे मला मान्य आहे. परंतु दर वाढवल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. मार्ग नकाशावर पक्का होण्याआधी शेतकऱ्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन कायद्यात यायला हवे. आज त्याला बोलायची संधी मिळते ती बहुधा मनोऱ्याचा खड्डा खणायला माणसे आल्यावर.