बाईंच्या नंतर वर्ग कोणाचा?

माझं माहेर मिरजेचं आणि सासर बंगळूरचं, त्यामुळे तंबोऱ्याची दोन्ही रूपं माझ्या वाट्याला आली. मिरजेत सतारमेकर गल्लीतून शाळेला जाताना पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात रचलेले दिसायचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथल्या मराठी मैत्रिणींना मी पेढे वाटले. आणि इथे, बंगळुरात, जी. राज नारायण नावाच्या बासरी वाजवणाऱ्या एका इंजिनिअरने 1979 च्या सुमारास विजेवर वाजणारा तंबोरा बनवला. त्यांच्या ‘रॅडेल’ कंपनीची डबी आज कुठल्याही गाणाऱ्याच्या घरात सापडते.

बसवनगुडीतल्या आमच्या संगीतवर्गात ही दोन्ही वाद्यं शेजारी शेजारी असतात. मिरजेचा तंबोरा बाई स्वतः लावतात. जवारीचा दोरा घोडीवर केसभर पुढे, केसभर मागे. मग खुंटी, मग मणी, मग पुन्हा दोरा. तोवर मुलांची चुळबुळ सुरू झालेली असते. डबीला एक बटण दाबलं की झालं. पूर्वी चार-पाच जणी असायचो तेव्हा तंबोराच वाजायचा. आता एका बॅचला डझनभर मुलं असतात आणि डबीच वाजते. वर्ग वाढतोय हे मला फीच्या पावतीपुस्तकावरून नाही, यावरून कळलं.

बसवनगुडी हा मुळात कर्नाटक संगीताचा गड. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या दाट पेठांबाहेर मोकळी हवा हवी म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती आखल्या गेल्या. त्यातल्या बसवनगुडीत आजही सकाळी गल्लीतून चाललं की दोन-तीन घरांतून सरळे वरसे, म्हणजे कर्नाटक पद्धतीचे पहिले स्वरपाठ, ऐकू येतात. त्यात आमचा हिंदुस्थानी वर्ग म्हणजे गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत एका घराच्या माडीवरचं बेट. आधी तिथे मराठी, कोकणी आणि धारवाड-हुबळीकडची माणसं यायची. मग आयटीवाल्यांची मुलं आली, कोणी लखनौची, कोणी इंदूरची. टाळेबंदीत वर्ग फोनवर गेला तेव्हा परदेशातली भाचरं-नातवंडंही त्यात शिरली आणि नंतर बाहेर पडलीच नाहीत. आम्ही मराठी बायका ‘बाई’ म्हणतो, मुलं ‘मिस’ म्हणतात, घरमालकीण अज्जी ‘संगीतद टीचर’ म्हणतात. माणूस एकच, तीही सत्तरी ओलांडलेली आणि गुडघे दुखणारी. वर्ग माडीवर.

गेल्या विजयादशमीला, म्हणजे इकडच्या रिवाजाप्रमाणे नवे विद्यार्थी घेण्याच्या दिवशी, बाईंनी जाहीर केलं की मुलांचे सगळे वर्ग यापुढे ताई घेतील. ताई म्हणजे त्यांची शिष्या, धारवाडकडची, लग्नानंतर इकडे आलेली. बाई स्वतः फक्त शनिवारी मोठ्यांना शिकवणार. रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर गदारोळ. आम्ही बाईंच्या नावावर आलो होतो. ताईंचं वय काय, अनुभव काय. फी मग तीच कशी. एका गृहस्थांनी तर ‘ट्रांझिशन प्लॅन’ मागितला. बाईंना तो शब्द कळला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मला मात्र राहवलं नाही. मिरजेच्या माणसाला विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट बोलता येऊ लागल्यापासून माहीत असते, आणि ती गोष्ट नेमकी याच प्रश्नाची आहे.

पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म 1872 चा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली, उत्तरेत हिंडले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या काळी गाणं शिकायचं तर उस्तादांच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, मर्जी सांभाळायची आणि मिळेल ते वेचायचं. पलुस्करांनी गाण्याची शाळा केली. ठरलेल्या वेळा, इयत्ता, स्वरलिपीत छापलेली पुस्तकं, परीक्षा, प्रमाणपत्र. पैसा कुठल्या एका संस्थानिकाचा नव्हता. लोकांच्या देणग्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या मैफलींवर शाळा चालायची. बऱ्या घरच्या मुलींनी गाणं शिकावं हे लोकांना पटवणं हा त्या कामाचाच भाग होता.

पण शाळेच्या वेळापत्रकापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यांनी केली. शिकवणारे तयार करण्यासाठी त्यांनी वेगळा उपदेशक वर्ग चालवला. गवई होणं एक आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळा एका माणसाच्या गळ्यावर चालली तर त्या गळ्याबरोबर संपणार, हा हिशेब त्यात होता. ओंकारनाथ ठाकूर 1897 चे. 1916 मध्ये पलुस्करांनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचं प्रमुखपद दिलं. विशीसुद्धा उलटली नव्हती! आमच्या ताई त्याहून बऱ्याच मोठ्या आहेत, हे मी ग्रुपवर लिहिलं. तेवढ्यापुरती शांतता झाली.

1908 मध्ये मुंबईचं विद्यालय निघालं, वाढलं, आणि पलुस्करांनी त्याच्यासाठी कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटलं नाही. 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झाला. मग नाशिकचा आश्रम, रामनाम, आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत शेवट. इमारत गेली, प्रमुख गेला. कुठल्याही संस्थेचा ग्रंथ इथे आटोपायला हवा होता. झालं उलटच. 1931 मध्येच शिष्यांनी अहमदाबादेत जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्याचं गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. बी. आर. देवधरांनी मुंबईत 1925 मध्येच आपली शाळा काढली होती, आणि पुढे तिथेच बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक कन्नड मुलगा शिकायला आला, कुमार गंधर्व. ओंकारनाथ बनारसला विश्वविद्यालयात गेले. दिल्लीला विनायकबुवांच्या परंपरेतल्या विनयचंद्र मौद्गल्यांनी 1939 मध्ये विद्यालय काढलं.

यात मला सगळ्यांत जवळची वाटते ती पलुस्करांच्या मुलाची हकिगत. वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. गादी चालवायचं वय नव्हतंच. विनायकबुवांनी आणि नारायणराव व्यासांनी त्याला शिकवलं. बापाने शिष्यांना दिलेलं गाणं शिष्यांकडून मुलाकडे आलं आणि त्यातून डी. व्ही. पलुस्कर घडले. चौतिसाव्या वर्षी गेले, तरी त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही आमच्या बाई वर्गात लावतात: आवाज कसा लावायचा हे सांगायचं झालं की आधी त्याच.

याच झाडाची एक फांदी बंगळुरातही आहे. पलुस्करांचे शिष्य गोविंद विठ्ठल भावे इकडे आले आणि 1930 च्या सुमारास त्यांनी शेषाद्रिपुरममध्ये सरस्वती संगीत विद्यालय काढलं. त्यांच्यामागे मुलीने, श्यामला भावे यांनी, ते सांभाळलं. मराठी घरातली ही बाई हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतीने मैफल गायची, आणि बंगळूरने तिला आपलं मानलं ते काही उगीच नाही. मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या ऐन मध्यात, त्या गेल्या. एका गावात एका बापलेकीने नव्वद वर्षं एक विद्यालय चालवलं.

घरात कोणी तयार असेल तर प्रश्न आपोआप सुटतो, असं यावरून वाटेल. आमच्या शेजारच्या चामराजपेटेत रामनवमीच्या मैफली भरवणारी श्रीराम सेवा मंडळी एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी 1939 मध्ये सुरू केली. तीही पुढे मुलाच्या हाती आली आणि फोर्ट हायस्कुलाच्या पटांगणात मांडव पडतोच आहे. उलट के. आर. रोडवरच्या बेंगळुरू गायन समाजात घराणं नाही, समिती आहे. 1905 पासूनची संस्था; पदाधिकारी येतात-जातात, त्यांच्या संगीत परिषदेला अध्यक्ष म्हणून दर वर्षी नवा कलावंत बसतो, आणि रसिकाला त्याचं काही वाटत नाही. पण मैफल भरवणं आणि गाणं शिकवणं यांत फरक आहे. सभागृहाला समिती पुरते. सात वर्षांच्या पोराला ‘सा’ लावायला समिती शिकवू शकत नाही. त्याला समोर बसलेलं माणूस लागतं.

आमच्या बाईंचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, गाण्याशी त्याचा संबंध मोटारीतल्या रेडिओपुरता. समिती नाही. आहेत त्या ताई.

मग मी एका मंगळवारी त्यांचा वर्ग बघायला जाऊन बसले. मुलं भूप म्हणत होती, डबी काळी चारवर. (खालच्या गल्लीतल्या कर्नाटक गायनाच्या मास्तरांच्या भाषेत ऐदूवरे मने, पट्टी तीच.) शेवटच्या ओळीत एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. त्याचा आवाज फुटलेला. वरचा षड्ज आला की तो ओठ हलवायचा आणि आवाज बंद ठेवायचा. डझनभरांच्या कोरसमध्ये ते लपून जातं. बॅच वाढण्याचा खरा धोका हा आहे, फी नव्हे, जागा नव्हे. ताईंनी कोरस थांबवला आणि एकेकाला सा ते गंधार इतकाच आलाप एकट्याने म्हणायला लावला. मुलं घाबरली, हसली, म्हणाली. याची पाळी आल्यावर ताईंनी काही न बोलता डबी काळी एकवर आणली. तो गायला, खरबरीत, पण सुरात. वर्ग सुटल्यावर त्याला म्हणाल्या, ‘गुरुवारपासून साडेसहाला ये, मोठी मुलं असतात.’ एवढंच. बाईंनी त्याला कदाचित वर्षभर ऐकायला बसवलं असतं. दोन्ही रीती योग्यच, पण वेगळ्या, आणि पालकांना खटकतं ते हेच वेगळेपण.

परीक्षांबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. मंडळाची शिडी प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकारपर्यंत जाते. कर्नाटक राज्याच्या परीक्षा ज्युनिअर, सीनिअर आणि विद्वत. आमच्या वर्गातली मुलं दोन्हींना बसतात. सहा-सात राग, प्रत्येकात एक छोटा ख्याल, ठरलेले आलाप, ठरलेल्या ताना. परीक्षक आला की मूल यमन पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणून मोकळं होतं. राग मात्र कधी भेटलेलाच नसतो. बाईंच्या पिढीतले गवई यावर नाक मुरडतात आणि त्यांचं खरंही आहे. तरी या बदलाच्या काळात मला त्या अभ्यासक्रमाचा एक उपयोग नव्याने कळला. ताईंना कुठलं मूल कुठवर आलंय हे एका वाक्यात कळलं: प्रवेशिका पूर्ण, बाकी मध्यमा. बाईंचं डोकं उघडून बघावं लागलं नाही. शिकवणारा बदलला तरी धागा सुटू नये, याची सोय पलुस्करांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली होती. तिची खिल्ली उडवताना आपण हे विसरतो.

जे अभ्यासक्रमात बसत नाही ते जाणारच, असं मात्र नाही. शनिवारी बाई मोठ्यांना शिकवतात तेव्हा ताई मागे येऊन बसतात, वही न घेता. परवा बाईंनी तंबोरा जुळवायला त्यांच्याकडे दिला. जवारी नीट बसेना. बाईंनी पाहिलं, हात लावला नाही. मग ताईंनी दोरा पुन्हा काढला.

दोन मुलांची नावं पालकांनी काढून घेतली, सहा नवी आली. फी तीच आहे आणि ती तीच असावी असं माझं ठाम मत आहे. शिकवायचे कष्ट वयावर मोजत नाहीत.

तुमच्याही गावात, मिरज असो की नागपूर, अशी एखादी माडी असेल आणि तिथल्या बाई आता जिना चढताना कठड्याला धरत असतील. शिष्येने वर्ग हाती घेतला तर मुलाला लगेच काढू नका. निदान वर्षभर थांबा, आणि त्या वर्षात एकदा तरी वर्गात मागे जाऊन बसा. मूल एकट्याने गातंय का, एवढं बघा. आणि फी, वेळ, रजा, काय विचारायचं असेल ते नव्या शिक्षिकेलाच विचारा. बाईंना फोन करू नका.