चित्र उलटं करून बघा

कन्नडच्या बाजार समितीत मक्याचा हर्रास सुरू झाला की व्यापारी आधी ढिगात हात घालतो, तळाचे दाणे वर काढतो आणि मगच बोली लावतो. जुन्या चित्राच्या लिलावात मात्र भली भली माणसं कोपऱ्यातली सही वाचूनच भुलतात. मुरलेला जाणकार सहीकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी तो चित्र उलटं करतो!

पाठीमागे काय नसतं? कॅनव्हास ताणणारी लाकडी चौकट, गंजलेले खिळे, रंगसाहित्याच्या दुकानाचा शिक्का, प्रदर्शनाची पिवळी पडलेली चिठ्ठी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. तिच्या प्रदर्शनाची चिठ्ठी आणि क्रमांक मागे सापडला, तर त्या वर्षीचा छापील कॅटलॉग शोधायचा. चित्राचं नाव तिथे मिळू शकतं. लंडनची क्रिस्टीज ही लिलाव कंपनी तर चित्रांच्या मागे काळ्या शाईचे आकडे उमटवायची. तेवढ्या एका आकड्यावरून शंभर वर्षांपूर्वी ते चित्र कुणी विकायला आणलं होतं, हेही कळू शकतं. बाकी कुठल्या वस्तूच्या पाठीवर तिचा असा प्रवास लिहिलेला असतो?

आपल्याकडे मात्र चित्रं लिलावघरापेक्षा वाडा उतरवताना जास्त हाती लागतात. माळवदाखालच्या खोलीतून लक्ष्मी किंवा सरस्वती निघते, खाली ‘रविवर्मा’ असतं आणि घरात कुजबुज सुरू होते. अशा वेळी पन्नास-शंभर रुपयांचं भिंग आणावं. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून देवदेवतांची चित्रं छापली जात. भिंगाखाली देवीचा गाल बारीक ठिपक्यांत विरघळला, तर ती छापील प्रत. हाताने रंगवलेल्या तैलचित्रात कुंचल्याचे फराटे आणि रंगाचा उंचवटा दिसतो. पण प्रत निघाली म्हणून ती भंगारात घालू नये. रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या जुन्या प्रतींचेही चोखंदळ संग्राहक आहेत.

रंग तर सहीपेक्षाही खरं बोलतात. चित्रकारांच्या हाती टिटॅनियमचा पांढरा रंग आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. त्यामुळे १८९० सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात मूळ थरातच तो सापडला, तर सांगितलेली तारीख खोटी. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळसर डागांसारखी उठून दिसते. कोऱ्या वाटणाऱ्या आभाळात अचानक ठिगळं दिसू लागतात. मला तरी ही जादूच वाटते.

पण मोठ्या किमतीमागे बहुतेकदा मालकीचा अखंड माग असतो. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे जवळजवळ १४ फूट लांबीचं चित्र १९५४ मध्ये दिल्लीत कामासाठी आलेल्या एका नॉर्वेजियन डॉक्टरने विकत घेतलं. पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि अनेक दशकं तिथेच राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याची बोली संपली तेव्हा शुल्कासह १.३८ कोटी डॉलर, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली होती. चित्रकाराकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून रुग्णालयाकडे. मधे संशयाला फटच नाही.

थकबाकीदाराची चित्रंही लिलावात येतात, बरं का! मार्च २०१९ मध्ये आयकर खात्याने नीरव मोदीच्या संग्रहातली चित्रं मुंबईत लिलावाला काढली. त्यात रविवर्म्यांचं खरंखुरं तैलचित्र होतं. ते सुमारे १६ कोटींना गेलं. अशा ठिकाणी बोली लावणाऱ्याने कायदाही जाणून घ्यावा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं ओलांडलेलं चित्र पुरावस्तू ठरतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो.

तेव्हा घरातल्या जुन्या चित्राची काच फुटली आणि ते फ्रेमवाल्याकडे न्यावं लागलं, तर आधी त्याच्या पाठीचा फोटो काढा. मागचा कागद, चिठ्ठ्या, बिलाचा कपटा एका पाकिटात घालून चित्रासोबतच ठेवा आणि फ्रेमवाल्याला बजावा, जुनं काहीही फेकू नका.