विश्लेषण : हुकमी खेळाडूलाच संघ का सोडतात? प्रो कबड्डीच्या लिलावाआधीचे गणित

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीत झाला आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे लीग आणि जिल्हा एकाच वयाचे. शिरगाव, सातपाटी, केळवे या किनारपट्टीत आज विशीत असलेली मुले ही लीग मोबाइलवर बघतच मोठी झाली. दर वर्षी लिलावाच्या आधी कायम ठेवलेल्या आणि सोडलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर झाल्या की कट्ट्यावर एकच प्रश्न येतो : ज्याच्या जिवावर संघ जिंकला, त्यालाच बाहेर कसे काढले? उत्तर खेळापेक्षा हिशेबात अधिक आहे.

पाच कोटींत काय काय बसवायचे?

दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. आधी ही मर्यादा ४ कोटी ४० लाख होती. एवढ्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ जणांचा संघ उभा करायचा, त्यात परदेशी खेळाडूही घ्यायचे. लिलावात मूळ किमतीचे चार गट असतात : ‘अ’ गटासाठी ३० लाख, ‘ब’ २० लाख, ‘क’ १३ लाख आणि ‘ड’ ९ लाख.

अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्येही मानधनाला मर्यादा आहे, पण ती थोडी सैल. स्वतःच्या जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघ ती ओलांडू शकतो. लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने तो नियम ओळखला जातो. कबड्डीत अशी पळवाट नाही, छत म्हणजे छत. एका खेळाडूचा भाव वाढला की दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातले कमी होते.

सिद्धार्थ देसाईचे काय झाले?

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुम्बाने ३६ लाख ४० हजारांत घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या लिलावाआधी मुम्बाने त्याला सोडले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मुंबईतल्या चाहत्यांनी तेव्हा संघ व्यवस्थापनाला भरपूर नावे ठेवली.

मुम्बाने मात्र पकडीची बाजू धरून ठेवली. इराणचा फझल अत्राचली आणि सुरिंदर सिंग कायम राहिले, त्यात ८९ लाखांना संदीप नरवाल आला. हंगाम संपला तेव्हा मुम्बा उपांत्य फेरीत होता आणि टायटन्स बारा संघांत अकरावा. सिद्धार्थ तिथेही वाईट खेळला नाही, त्याने पुन्हा दोनशेच्या पुढे मजल मारली. पण सात जणांच्या खेळात एकटा चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणणाऱ्या पकडी लागतात. त्या विकत घ्यायला टायटन्सकडे पुरेसे पैसे उरले नव्हते, असे म्हणायला जागा आहे.

पुढची दोन वर्षे या खेळातील दुसरी बाजू दाखवतात. आठव्या हंगामासाठी टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांत राखले. खांद्याच्या दुखापतीने तो जेमतेम काही सामने खेळला आणि २०२२ च्या लिलावात त्याच संघाने त्याला २० लाखांत घेतले. माणूस तोच, किंमत एका वर्षात सहाव्या हिश्शाच्याही खाली.

मग पुण्याने एकावर निम्मे पैसे कसे लावले?

२०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. पाच कोटींतील ४७ टक्के एकट्यावर! उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत आणखी १७ जण घ्यायचे, तर सरासरी माणशी साडेपंधरा लाख. एरवी हा जुगार म्हटला गेला असता.

पुण्याला तो परवडला, कारण बाकीचा संघ आधीच तयार होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही पोरे कुणी कोटीत घेतलेली नव्हती. लीगमध्ये ‘नवोदित खेळाडू’ असा वेगळा मार्ग आहे. ठरावीक वयाखालील मुलांना संघ चाचण्यांतून निवडतो. ती लिलावाच्या बोलीत येत नाहीत आणि ठरलेल्या, तुलनेने कमी मानधनावर काही हंगाम संघाकडे राहतात. पुण्याने ‘युवा पलटण’ या आपल्या अकादमीत अशी मुले घडवली, वर्षानुवर्षे एकत्र खेळवली आणि वाचलेले पैसे एका कोपरारक्षकावर ओतले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणे विजेते झाले. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम.

आणि तरीही पुढच्या लिलावाआधी शादलू बाहेर! हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपदही घेतले. मग हरियाणानेही त्याला सोडले. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले, पण गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. शादलूविना पुणे अकराव्या हंगामात प्ले-ऑफबाहेर राहिले. त्या वर्षी अस्लमही जायबंदी झाला होता, त्यामुळे सगळे खापर एका निर्णयावर फोडता येत नाही. बाराव्या हंगामात तोच तरुण गाभा साखळीत अव्वल ठरला आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून २८-३१ असा तीन गुणांनी हरला.

सोडलेला खेळाडू परत घेता येतो का?

येतो, आणि खरी हुशारी इथेच लागते. ‘फायनल बिड मॅच’ म्हणजे दुसऱ्या संघाने लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन जुना संघ आपला खेळाडू परत घेऊ शकतो. पवन सेहरावतसाठी टायटन्सने २०२३ मध्ये विक्रमी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते. वर्षभराने त्याला सोडले आणि लिलावात हाच हक्क वापरून १ कोटी ७२ लाख ५० हजारांत परत घेतले. ८८ लाख वाचले. दबंग दिल्लीने २०२५ मध्ये आशू मलिकला याच मार्गाने १ कोटी ९० लाखांत राखले आणि त्या हंगामात दिल्ली विजेती ठरली. धोका एवढाच, की बाजार तापला तर बोली हाताबाहेर जाते.

शिरगावच्या मुलाने यातून काय पाहावे?

कोटीच्या बोलीची बातमी होते. त्या लिलावात नाव पुकारूनही कुणी हात वर न केलेल्यांची यादी मात्र फारशी कुणी वाचत नाही. ‘ड’ गटातले ९ लाख पालघरच्या घरात मोठीच रक्कम, पण पुढच्या वर्षी ती मिळेलच असे नाही. गुडघा किंवा खांदा गेला की पंचविशीतच प्रश्न उभा राहतो. म्हणूनच अनेक चांगले खेळाडू रेल्वे, सेनादल, पोलीस किंवा बँकेची नोकरी सोडत नाहीत आणि हंगामापुरते लीगमध्ये येतात.

लीगचे दार बहुतेकांसाठी नवोदितांच्या चाचणीतून उघडते, तिथे वय महत्त्वाचे. चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्याला थेट लिलावातल्या अनुभवी खेळाडूंशी टक्कर द्यावी लागते. चढाई सगळ्यांनाच आवडते, पण वर दिलेले आकडे पाहता कोपरा सांभाळणाऱ्याचा भावही मागे नाही. शादलूने विजेत्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले होते.

दुसरा मार्ग महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा. त्यासाठी गावच्या मंडळाचा चषक चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. राज्य स्पर्धा खेळून आलेल्या मुलाने ते कागद त्याच वर्षी फाइलला लावावेत. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची संख्या दर वेळी मोठी असते.