ब्रेक लावता गाडी थरथरते, तेव्हा

धान्याच्या घाऊक व्यापारात मालाची पारख प्रत्येकास करावी लागते. पोत्याच्या तोंडाशी दिसणारे चार दाणे पाहून जो भाव ठरवितो तो फसतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून आपण पोत्याच्या मधला व तळाचा नमुना काढून पाहतो. परंतु तोच माल ज्या पिकअप गाडीतून येतो तिच्या बाबतीत ही सावधगिरी आपण पाळतोच असे नाही. चालक येऊन सांगतो, “शेठजी, ब्रेक लावला की गाडी थरथरते.” यावर कोणी “सण होऊन जाऊ दे, मग पाहू” असे म्हणून वेळ मारून नेतो, तर कोणी त्याच दिवशी गाडी गॅरेजात धाडून डिस्क बदलून घेतो. पहिल्या मार्गात जिवाची भीती आहे आणि दुसऱ्यात पैसा वाया जाण्याची. या दोहोंमधील निदानाचा मार्ग व्यापारी बंधूंपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या कारापुराचेच उदाहरण घेऊ. बेळगावच्या बाजूने येणारा पुष्कळसा माल चोर्ला घाट उतरून, केरीवरून साखळीकडे येतो. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार ढोबळ मानाने ७०० मीटरांचा धरू आणि गाडी मालासह ३ टनांची धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवरून सावकाश खाली आणावयाचे, तर जी शक्ती जिरवावी लागते तिच्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे ७० लिटर पाणी उकळीस येईल. हवेचा विरोध व इंजिनाची ओढ यांत तिचा काही भाग जातो. उरलेली सर्व उष्णता चार चाकांच्या ब्रेकांतील लोखंडास सोसावी लागते. म्हणून सपाट रस्त्यावर जी थरथर किरकोळ वाटते, तिचा घाटात भरवसा धरता येत नाही.

आता थरथर उत्पन्न कशी होते ते पाहू. बहुतेक पिकअप गाड्यांत पुढील चाकांस डिस्क व मागील चाकांस ड्रम असतात. पेडल दाबले की नळ्यांतील ब्रेक ऑइलच्या द्वारे दाब चारही चाकांशी पोहोचतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) याने सांगितलेला नियम येथे कामी येतो. परंतु हीच नळी उलट निरोपही आणते. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसेल, तर जाड भाग पॅडमधून जाताना पॅडला मागे रेटतो, पॅड ऑइलला रेटते आणि तो धक्का चालकाच्या पायाशी येतो. पिकअपचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगात सेकंदास सुमारे आठ फेरे घेते. म्हणजे एकच उंचवटा सेकंदास आठ धक्के देतो. यासाठी फरक फार मोठा लागतो असेही नाही. एक-दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक अंतर, थरथरीस पुरेसे होते. लोक “डिस्क वाकली” असे म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तर तिची जाडी विषम झालेली असते, किंवा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी चिकटलेला असतो.

निदानाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम विचारावे की, ब्रेक न लावताही गाडी थरथरते काय? तसे असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधू नये. चाकाचा तोल बिघडणे, टायरचे आतील थर सुटून त्यास फुगवटा येणे, रिम वाकणे ही कारणे आधी तपासावीत.

दुसरा प्रश्न, थरथर कोठे जाणवते? स्टिअरिंग हातात हलत असेल तर दोष बहुधा पुढील चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर राहून आसन व हौदा थरथरत असेल तर मागील ड्रमांचा संशय घ्यावा. याची खात्री हँडब्रेकने करता येते, कारण पुष्कळ पिकअपांत तो तारेने फक्त मागील चाकांवर चालतो. मोकळ्या, सपाट व कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, रिकामी गाडी ताशी ३० किलोमीटरच्या सुमारास ठेवून, दांड्याची कळ दाबून धरूनच तो हळूहळू ओढावा. त्या वेळी तीच थरथर आली तर ड्रम लंबगोल झाला असावा. न आली तर पुढील डिस्क पाहावी. ही परीक्षा घाटात वा ओल्या रस्त्यावर कदापि करू नये.

तिसरा प्रश्न, ती केव्हा येते? भरलेली गाडीच थरथरत असेल, तर मागील ड्रमांबरोबर पाट्यांचे यू-बोल्ट व बुशही तपासावेत. ते सैल असता ब्रेकच्या जोराने ॲक्सल जागचा हलतो. घाट उतरल्यावरच थरथर येऊन गाडी थंड होताच ती जात असेल, तर उष्णतेचा दोष समजावा. ज्या गाडीस एबीएस आहे तिच्यात निसरड्या जागी जोराने ब्रेक दाबता पेडल धडधडते. तो त्या यंत्रणेचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

यानंतर गाडी जॅकवर घेऊन पक्क्या आधारावर टेकवावी आणि मिस्त्रीकडून चाक हाताने हलवून पाहावे. वरखाली वा आडवे हलले तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टायरॉड झिजला असेल. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या आहेत काय, हेही पाहावे. शेवटी डायल गेज लावून डिस्कचा डोल आणि मायक्रोमीटरने आठ ठिकाणची जाडी मोजावी. किती डोल व किती किमान जाडी चालते ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि किमान जाडी पुष्कळदा डिस्कवरच कोरलेली असते.

येथे आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगणे उपयुक्त होईल. एका पिकअपची डिस्क नवी घातली, थरथर थांबली. परंतु तीन महिन्यांत ती पुन्हा सुरू झाली. लोकांनी डिस्कच्या कंपनीस दोष दिला. उघडून पाहता हबच्या तोंडावर गंजाची पापडी तशीच होती आणि तिच्यावरच नवी डिस्क बसविलेली होती. त्यामुळे डिस्क किंचित तिरपी फिरे, ब्रेक न लावतानाही एकाच जागी पॅडला घासे, आणि झिजून तिची जाडी विषम झाली. आपल्याकडील दमट हवेत व चार महिन्यांच्या पावसात असा गंज सहज धरतो. यास्तव डिस्क बसविण्यापूर्वी हब तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा, आणि चाकाचे नट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे घेत, क्रमाक्रमाने, सारख्या जोराने आवळावेत. या कामास पैसा जवळजवळ लागत नाही.

चालकानेही काही पथ्ये पाळावीत. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा, आणि ब्रेकवर सतत पाय ठेवून राहू नये. पायथ्याशी येताच तापलेला ब्रेक दाबून उभे राहिल्यास पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, आणि तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढल्यास थंड होताना ड्रमचा आकार बिघडू शकतो. म्हणून थोडे अंतर सावकाश जाऊन मग सपाट जागी, गाडी गिअरमध्ये ठेवून थांबावे. चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो कडेस टाकण्यास विसरू नये.

थरथरीबरोबर पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूस ओढत असेल, लोखंड घासल्याचा आवाज किंवा जळका वास येत असेल, तर पुढे निदान करीत बसू नये. गाडी तेथेच थांबवावी आणि माल दुसऱ्या गाडीत चढवावा. एक दिवसाचे भाडे जाईल. गिऱ्हाईक समजून घेईल.

आपल्या आचारशास्त्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. शक्तीबाहेर ओझे लादण्याचा तो दोष पूर्वी बैलाच्या संदर्भात समजावून दिला जाई. आज बैलाची जागा गाडीने घेतली आहे. लोखंडास वेदना नाही हे खरे. परंतु त्या गाडीत चालक बसलेला असतो, हमाल बसलेला असतो आणि रस्त्याच्या कडेने शाळेची मुले चालत असतात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, दाखविले आहे. चालकाने सांगितलेली थरथर ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा प्रमादच होय. म्हणून आमची विनंती एवढीच की, गाडी भरण्यापूर्वी प्रत्येक मालकाने चालकास ‘ब्रेक कसा लागतो?’ असे रोज विचारावे, आणि त्याच्या उत्तराने त्या दिवशीची खेप रहिली तरी त्यास बोल लावू नये.