माळ्यावरचा रेडिओ आणि पुतण्याची गिटार

गेल्या वैशाखांतील गोष्ट. आमचे दादा दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रांत नोकरीस असल्यामुळें आमचें एकत्र बिऱ्हाड तेथील वसाहतींत आहे. मी भुसावळास महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों. दुपारची वेळ होती, बाहेर खानदेशी ऊन रणरणत होतें आणि घरांतील मंडळी कूलरपुढें आडवी झाली होती. इतक्यांत आंतल्या खोलींतून पुतण्याचा आवाज आला, "काका, तारांना हात लावला कीं मुंग्या येतात!" उठून पाहतों तों चिरंजीवांनीं माळ्यावरचा एक लहानसा जुना रेडिओ खालीं काढून त्यास आपली इलेक्ट्रिक गिटार जोडलेली. बोलण्यापूर्वीं मीं भिंतींतला प्लग उपटला.

त्या मुंग्यांचें मर्म जुने रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक घरानें जाणून घ्यावें असें आहे. पूर्वीं कित्येक गांवीं डी. सी. वीज मिळे. ए. सी. व डी. सी. अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालावा म्हणून स्वस्त रेडिओंतून विजेचा ट्रान्स्फॉर्मर गाळलेला असे. अशा यंत्राचा धातूचा सांगाडा घरांतील विजेच्या एका तारेसच सरळ जोडलेला असतो. प्लग एका बाजूनें बसला तर सांगाडा निरुपद्रवी. उलटा बसला तर त्यावर २३० व्होल्ट. पेटी लांकडाची किंवा बॅकेलाइटची असल्यामुळें नुसतें गाणें ऐकणाऱ्यास भय नसे. गिटार जोडली मात्र, कीं तिच्या तारांचें त्या सांगाड्याशीं नातें जुळतें. ग्रामोफोनसाठीं ठेविलेल्या भोंकांच्या वाटेंत अशा यंत्रांत एक लहान कंडेन्सर घातलेला असतो. त्या दिवशीं मुंग्यांवर निभावलें तें त्याच्या कृपेनें. साठ वर्षांचा तो कागदी कंडेन्सर कोणत्या क्षणीं दगा देईल याचा नेम नव्हता.

ओळखण्याची एक खूण सांगतों. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचें नांव 'यू' ह्या अक्षरानें, म्हणजे यूएल ८४, यूवाय ८५ असें सुरू होत असेल, तर तो रेडिओ बहुधा ह्या बिनट्रान्स्फॉर्मरच्या जातीचा. 'ई'नें सुरू होणारे, म्हणजे ईएल ८४ सारखे व्हॉल्व्ह बहुधा ट्रान्स्फॉर्मर असलेल्या यंत्रांत सांपडतात. तरीही उघडून खात्री केल्यावांचून विश्वासूं नये.

वहिनींनीं तत्काळ निकाल दिला, "भाऊजी, माळ्यावरचे दोन्ही रेडिओ उद्यां भंगारवाल्याला द्या." पण आईनें मान हलविली. दोहोंपैकीं मोठा रेडिओ वडिलांनीं १९६२ सालीं घेतलेला. पोस्टांत दरवर्षीं शुल्क भरून शिक्का मारून घेतलेलें त्याचें परवान्याचें पुस्तक अजून पाठीमागच्या पुठ्ठ्यांत खोंचलेलें होतें. "ह्यांचा रेडिओ घरांतून जायचा नाहीं," ती म्हणाली, आणि विषय संपला. मोठ्या रेडिओंत ट्रान्स्फॉर्मर होता व ईएल ८४ हा व्हॉल्व्हही होता. तेव्हां तो नीट दुरुस्त करावयाचा आणि मगच त्यास गिटार जोडावयाची, असा तह झाला.

रेडिओस गिटार जोडण्याची कल्पना कोणास पोरकट वाटेल. परंतु गिटारचा ॲम्प्लिफायर जन्मला तोच रेडिओदुरुस्तीच्या दुकानांत! लिओ फेंडर ह्या गृहस्थानें १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं असें दुकान थाटलें, आणि पुढच्या दशकांत तेथूनच त्याचे ॲम्प्लिफायर निघूं लागले. इंग्लंडांतील व्हॉक्स एसी ३० ह्या नामांकित ॲम्प्लिफायरमध्यें चार ईएल ८४ असतात. आमच्या वडिलांच्या रेडिओंत तोच व्हॉल्व्ह एक आहे. हें ऐकल्यापासून पुतण्याच्या मनांत आजोबांविषयीं आदर दुणावला.

त्यानें लगेच परदेशी व्हॉल्व्हची एक यादी करून आणली. किंमती पाहून दादांनीं चष्मा काढून पुसला. माझें मत असें कीं, जुन्या यंत्राचा आवाज सुधारतांना व्हॉल्व्ह बदलण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं यावी. बहुधा व्हॉल्व्ह धडधाकट असतो. त्याच्या भोंवतालचीं माणसें, म्हणजे कंडेन्सर आणि रेझिस्टन्स, म्हातारीं झालेलीं असतात.

रेडिओ उघडला तों आंत राखेचा मऊ थर. दीपनगरांत त्याचें नवल नाहीं. मागें विजेचा दाब निवडण्याची खुंटी होती, ती २०० व्होल्टांवर बसविलेली. आमच्या वसाहतींत रात्रीं मीटर २४० दाखवितो. ती २४५ वर नेली. एरवीं व्हॉल्व्हचे तंतू अकारण तापून त्यांचें आयुष्य सरलें असतें. नंतर शंभर वॅटचा तंतूचा दिवा रेडिओच्या वाटेंत सिरीजमध्यें घालून वीज सोडली. आंत कोठें शॉर्ट असेल तर दिवा भगभगतो आणि यंत्र वांचतें. दिवा मंदावला आणि स्पीकरांतून भुंग्यासारखी घरघर आली. तीच मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांची रडगाणी. त्यांच्यांतील ओलावा उष्णतेनें सुकतो, आणि माळ्यावर तर त्यांनीं किती वैशाख काढलेले! भुसावळास एवढ्या दाबाचे कंडेन्सर मिळाले नाहींत. पुतण्यानें ते मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणविले.

खरा चोर मात्र मुकाट्यानें काम करणारा निघाला. पहिल्या व्हॉल्व्हकडून शेवटच्या व्हॉल्व्हकडे आवाज नेणारा एक लहानसा मेणकागदी कंडेन्सर असतो. आवाजाची लहर जाऊं द्यावयाची, पण मागचा स्थिर दाब अडवावयाचा, हें त्याचें काम. जुना झाला कीं तो झिरपूं लागतो. ईएल ८४ च्या ग्रिडवर जेथें शून्य असावयास हवें, तेथें आमच्या मीटरनें पांच व्होल्ट दाखविले! अशा वेळीं व्हॉल्व्ह आपल्या शक्तीबाहेर राबतो, लालबुंद होतो, आवाज चिरका येतो आणि शेवटीं व्हॉल्व्हबरोबर स्पीकरचा ट्रान्स्फॉर्मरही जळून जातो. पुतण्याचा महागडा परदेशी व्हॉल्व्ह ह्याच जागीं बसवला असता तर त्याचीही तीच गत होती. नवा कंडेन्सर आला एका कप चहाच्या किंमतींत. तो बसवितांच आवाजाचा जो चिरका रंग आम्ही 'जुना गोडवा' समजत होतों, तो नाहींसा झाला.

एक इशारा येथें दिलाच पाहिजे. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. योग्य रेझिस्टन्समधून ते रिकामे करून, मीटरनें पाहून मगच आंत हात घालावा. हें ज्यास अवगत नाहीं त्यानें तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. दादांनीं दोन पिनांची जुनी वायर फेंकून तीन तारांची घातली, सांगाडा अर्थिंगला जोडला, आणि क्वार्टरचें अर्थिंगही स्वतः तपासलें. हें झाल्याशिवाय त्यांनीं गिटारला हात लावूं दिला नाहीं.

तरीही पहिल्या दिवशीं आवाज क्षीणच आला. गिटारच्या चुंबकावरील वेटोळ्यांतून निघणारा संदेश ग्रामोफोनच्या स्फटिकाच्या मानानें फारच दुबळा असतो. पुतण्यानें नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एक छोटी डबी स्वतः जुळवून मध्यें घातली, तेव्हां कोठें यंत्र बोलूं लागलें. हलक्या बोटानें छेडलें तर स्वर स्वच्छ; जोरानें छेडलें तर व्हॉल्व्ह लहरींचे माथे हळूंहळूं गोलावतो आणि मूळ स्वराभोंवतीं वरचे स्वर उमटूं लागतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवितांना तार एकाएकीं बोलूं लागते ना, कांहींसें तसेंच. व्हॉल्व्हच्या यंत्रावर लोक जीव टाकतात तो ह्याच गुणासाठीं. स्पीकरच्या पडद्यास एके ठिकाणीं चीर होती. ती पातळ कागद डिंकानें चिकटवून बुजविली. नवा स्पीकर घालावा असें पुतण्याचें म्हणणें होतें, पण वडिलांच्या वेळचा आवाज त्या पडद्यांत आहे असें आईस वाटतें, आणि मलाही तें सर्वस्वीं खोटें वाटत नाहीं.

त्या रात्रीं गिटार बाजूला ठेवून मध्यम लहरींवर कोठलेंसें दूरचें केंद्र लावलें. खरखरींतून एक भजन येत होतें. आई पलंगावर उठून बसली, कांहीं बोलली नाहीं.

सध्यां संध्याकाळीं सात ते आठ रेडिओ पुतण्याचा, त्यापुढें आईचा, असा करार चालूं आहे. तो वरचेवर मोडतो आणि वहिनी पंच होतात. मुंग्या आणणाऱ्या त्या लहान रेडिओची वायर मीं मुळापासून कापून टाकली. त्याची रिकामी पेटी वहिनींनीं पुसून दिवाणखान्यांत मांडली आहे, आणि तींत सध्यां घरांतल्या सर्वांच्या चष्म्यांचीं घरें असतात.