पिपातील बिअर आणि तिचे गुणांकन

इंग्लंडमधील लहान ब्रुअऱ्यांची बिअर पबमध्ये चाखून तिला गुण देण्याची जी प्रथा आहे, ती वरवर पाहता निव्वळ हौसेची बाब वाटते. परंतु मापनाच्या दृष्टीने तीत एक बिकट प्रश्न दडलेला आहे. दिलेला गुण कोणाचा मानावयाचा, बिअर तयार करणाऱ्याचा की ती विकणाऱ्याचा?

हा प्रश्न उद्‌भवतो तो तेथील पारंपरिक 'कास्क' बिअरच्या स्वरूपामुळे. पीप ब्रुअरीबाहेर पडते तेव्हा आतील बिअर पूर्णत्वास गेलेली नसते. किण्वाच्या पेशी तीत जिवंत असतात आणि पबच्या तळघरात दुय्यम किण्वन चालू राहते. किण्व तळाशी बसू द्यावयाचे, पिपाच्या वरच्या भोकातील लाकडी खुंटीवाटे जादा वायू सोडावयाचा, तळघराचे तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस राखावयाचे, ही सारी कामे पबचालकाची. हातपंपाने बिअर काढली जाते तसतशी पिपात हवा शिरते. म्हणून उघडलेले पीप सुमारे तीन दिवसांत संपणे इष्ट मानतात. नऊ गॅलनांच्या पिपात 72 पाइंट मावतात. म्हणजे गाळ वजा जाता रोज वीसबावीस पाइंट तरी खपावयास हवेत. जेथे खप याहून कमी, तेथे बिअर आंबू लागते आणि दोष मात्र हातपंपावर जिचे नाव आहे त्या ब्रुअरीच्या माथी येतो. लहान ब्रुअरीस हा बोल परवडणारा नसतो.

1971 साली स्थापन झालेल्या 'कॅम्रा' या ग्राहकसंस्थेच्या पद्धतीत 0 ते 5 असे गुण असून अर्ध्या गुणाचीही मुभा आहे. 0 म्हणजे पिण्यास अयोग्य, 3 म्हणजे चांगली, 5 म्हणजे निर्दोष. येथे मोजावयाची असते ती पेल्यातील बिअरची स्थिती. चाखणाऱ्याची आवड नव्हे. कडू बिअर न आवडणाऱ्यानेही उत्तम राखलेल्या कडू बिअरला 4 गुण द्यावेत, अशी अपेक्षा असते. हा विवेक प्रत्यक्षात किती जणांस साधतो, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

अशा गुणांवरून पबची पारख करणे युक्तच आहे. ब्रुअरीची पारख करावयाची झाल्यास मात्र एका पबातील एका पेल्यावर भागत नाही. तीच बिअर अनेक पबांत, आणि त्याच पबातील इतर बिअरही, चाखावी लागते. शेजारच्या पंपांवरील बिअरलाही 2 च गुण पडत असतील तर संशय तळघराकडे वळतो. एकच बिअर सर्वत्र फिकी पडत असेल तर ब्रुअरीकडे.

दोषाचा प्रकारही काही प्रमाणात साक्ष देतो. शिर्क्यासारखा आंबटपणा बहुधा जुन्या पिपाचा किंवा अस्वच्छ नळ्यांचा. लोण्यासारखा वास डायअ‍ॅसिटिल या द्रव्याचा. पण तो ब्रुअरीतील घाईनेही येतो आणि नळ्यांतील जंतूंनीही, त्यामुळे त्यावरून निवाडा करता येत नाही.

थोड्या नमुन्यांवरून अनुमान काढण्याचे गणित गिनेस ब्रुअरीतील विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने 1908 साली मांडले, हे येथे आठवते. प्रयोगशाळेत तीन पेल्यांतून वेगळा ओळखावयास सांगतात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याचा संभव एकतृतीयांश. पबमध्ये मात्र चाखणाऱ्यास नाव आधीच दिसलेले असते आणि बहुधा पहिला पाइंटही रिचवून झालेला असतो.